अवेळी जन्मलेल्या बाळाचा रुग्णवाहिकेतील प्रवास: श्वासाला आधार कसा दिला जातो?

प्रसूतीची तारीख अजून अडीच महिने लांब असते आणि अचानक कळा सुरू होतात. तालुक्याच्या ठिकाणी एका छोट्या रुग्णालयात बाळ जन्मते. वजन जेमतेम सव्वा किलो भरते. डॉक्टर सांगतात, "बाळाला श्वास घ्यायला त्रास होतोय. मोठ्या रुग्णालयात हलवावे लागेल."

काही वेळाने नवजात बाळांसाठीची रुग्णवाहिका दारात येते. नातेवाइकांना वाटते, आता बाळाला उचलतील आणि निघतील. पण आलेले डॉक्टर आणि नर्स बाळाजवळच थांबतात. अर्धा तास होतो, तास होतो. बाहेर उभे असलेले वडील आणि आजी अस्वस्थ होतात. गाडी आली आहे, मग निघत का नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर समजले की पुढच्या बऱ्याच गोष्टी समजतात. हा थांबलेला वेळ म्हणजे उपचारच असतो. गाडी किती वेगाने धावली यापेक्षा बाळ निघताना कोणत्या स्थितीत होते, यावर त्याचा प्रवास किती सुरक्षित होईल हे जास्त अवलंबून असते.

खूप लवकर म्हणजे किती लवकर?

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ 'खूप लवकर' आणि २८ आठवड्यांच्या आत जन्मलेले 'अत्यंत लवकर' जन्मलेले समजले जाते. हा लेख मुख्यतः या दोन गटांतील बाळांविषयी आहे.

"सातव्या महिन्यातले बाळ जगते, आठव्यातले जगत नाही" असे आपल्याकडे अजूनही ऐकू येते. त्यात तथ्य नाही. आईच्या पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फुफ्फुसांच्या आणि मेंदूच्या फायद्याचाच असतो.

या बाळांना श्वास घेणे अवघड का जाते?

आपल्या फुफ्फुसांत हवेच्या अतिशय लहान पिशव्या असतात. श्वास सोडल्यावर त्या पूर्ण मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या आतल्या बाजूला सर्फॅक्टंट नावाच्या द्रवाचा पातळ थर असतो. हा द्रव बाळाच्या फुफ्फुसांत साधारण २४ व्या आठवड्यापासून तयार होऊ लागतो आणि ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास पुरेसा होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळात तो कमी पडतो.

नवा फुगा फुगवताना पहिली फुंकर सर्वांत जड जाते. तोच फुगा अर्धवट भरलेला असेल तर पुढे फुगवणे सोपे असते. सर्फॅक्टंट कमी असलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या फुंकरीसारखा घ्यावा लागतो. म्हणून ते भरभर श्वास घेते, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखालची त्वचा आत ओढली जाते आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो. काही तासांत बाळ थकते.

दुसरी अडचण मेंदूची. श्वास चालू ठेवण्याचा आदेश देणारे मेंदूतील केंद्र या वयात पक्व झालेले नसते. त्यामुळे बाळ मध्येच श्वास घ्यायचे विसरते. हा खंड २० सेकंद किंवा त्याहून जास्त टिकला, किंवा त्यासोबत हृदयाचे ठोके मंदावले, तर त्याला 'ॲप्निया' म्हणतात.

तिसरी अडचण थंडीची. बाळाची त्वचा पातळ असते, चरबी जवळजवळ नसते. शरीर थंड पडले की ऑक्सिजनची गरज वाढते, रक्तातील साखर घसरते आणि श्वास आणखी बिघडतो. म्हणून बाळाला ऊब देणे हासुद्धा श्वासाच्या उपचाराचाच भाग आहे.

वेळ असेल तर आईलाच आधी हलवावे

बाळाला नेण्याची सर्वांत सुरक्षित पेटी म्हणजे आईचे पोट. कळा लवकर सुरू झाल्या असतील आणि प्रसूतीला वेळ आहे असे डॉक्टरांचे मत असेल, तर आईलाच नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात नेणे उत्तम. अशा विभागाला आपण एनआयसीयू म्हणतो. बाळ पोटात असताना मोठ्या रुग्णालयात पोहोचलेल्या बाळांची प्रकृती, जन्मानंतर हलवलेल्या बाळांपेक्षा सहसा चांगली राहते.

निघण्याआधी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. आपल्याकडे बहुधा डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅमचे चार डोस, दर १२ तासांनी असे दिले जातात. ते बाळाच्या फुफ्फुसांची वाढ लवकर घडवून आणते आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका कमी करते. चारही डोस पूर्ण झाले नाहीत तरी पहिल्या डोसचा उपयोग होतो. इंजेक्शन किती वाजता दिले, हे चिठ्ठीवर लिहून घ्या.

प्रसूती अगदी तोंडावर आली असेल तर मात्र वाटेत गाडीत बाळ होण्यापेक्षा आहे त्या रुग्णालयात होणे जास्त सुरक्षित. त्या वेळी बाळाला नंतर हलवण्याचा मार्ग उरतो.

निघण्यापूर्वी इतका वेळ का लागतो?

चालत्या गाडीत जागा अपुरी असते, उजेड कमी असतो, धक्के बसतात आणि आवाजामुळे स्टेथोस्कोपने छाती नीट ऐकू येत नाही. तिथे बाळ बिघडले तर उपचार करणे फार कठीण. म्हणून वाटेत जे बिघडू शकते ते निघण्याआधीच सुधारून घेतात. त्या तासाभरात साधारणपणे ही कामे होतात:

- बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस या मर्यादेत आणणे. त्यासाठी टोपी, स्वच्छ प्लॅस्टिकचे आवरण आणि उबदार पेटी वापरतात.
- रक्तातील साखर तपासणे, शिरेतून सलाइन चालू करणे आणि ती सुई हलणार नाही अशी पक्की करणे.
- श्वासाला कोणता आधार लागेल ते ठरवून तो सुरू करणे आणि बाळ त्यावर स्थिरावते का ते पाहणे.
- तोंडातून पोटात बारीक नळी घालून पोटातली हवा काढून टाकणे. पोट फुगले की फुफ्फुसांना पसरायला जागा राहत नाही.
- सोय असेल तर छातीचा एक्स-रे आणि रक्तातील वायूंची तपासणी करणे. फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठली असेल तर ती आधी काढावी लागते.
- ऑक्सिजन, बॅटरी आणि औषधे प्रवासाला पुरतील का ते मोजणे.

ऑक्सिजनचा हिशेब कसा असतो ते पाहा. रुग्णवाहिकेत असणाऱ्या 'बी टाइप' सिलिंडरमध्ये पूर्ण भरलेला असताना साधारण १५०० लिटर वायू असतो. यंत्राला मिनिटाला ५ लिटर लागत असेल, तर तो ३०० मिनिटे, म्हणजे पाच तास पुरेल. मिनिटाला १० लिटर लागला तर अडीच तासच. घाटात वाहतूक अडकू शकते, गाडी पंक्चर होऊ शकते. म्हणून अपेक्षित वेळेच्या किमान दुप्पट साठा बरोबर असायला हवा.

श्वासाचा आधार: कोणत्या बाळाला काय?

ऑक्सिजन. आपण श्वासातून घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. अनेकांना वाटते की जितका जास्त ऑक्सिजन तितके चांगले. या बाळांच्या बाबतीत तसे नाही. जादा ऑक्सिजनमुळे डोळ्यांच्या पडद्यातील नाजूक रक्तवाहिन्यांना इजा होऊन दृष्टी जाऊ शकते. म्हणून ऑक्सिजन औषधासारखा मोजून देतात. बाळाच्या उजव्या हाताला पल्स ऑक्सिमीटर लावून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्के ठेवतात. ऑक्सिजन चालू असताना पडद्यावर सतत ९९ किंवा १०० दिसत असेल तर डॉक्टर तो कमी करतात. त्याने घाबरून जाऊ नका.

सीपॅप. स्वतः श्वास घेणाऱ्या, पण दमणाऱ्या बाळांसाठी हा पहिला पर्याय. नाकात दोन लहान मऊ नळ्या किंवा नाकावर छोटा मास्क बसवून हवेचा सौम्य दाब सतत दिला जातो. त्यामुळे हवेच्या पिशव्या मिटत नाहीत आणि 'फुगा' अर्धवट भरलेला राहतो. दाब साधारण ५ ते ८ सेंटिमीटर पाण्याइतका असतो. 'बबल सीपॅप' या साध्या प्रकारात हवेची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली असते. ती ५ सेंटिमीटर बुडवली की दाब ५ सेंटिमीटर. बुडबुडे येत असतील तर दाब मिळतो आहे असे समजते. गाडीत ही बाटली कलंडू नये म्हणून नीट बांधावी लागते. काही रुग्णवाहिकांत हाच दाब प्रवासी व्हेंटिलेटरवरून देतात.

व्हेंटिलेटर. बाळ स्वतः पुरेसा श्वास घेत नसेल, वारंवार ॲप्निया येत असेल किंवा सीपॅपवरही ऑक्सिजनची गरज वाढत असेल, तर तोंडातून किंवा नाकातून श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर जोडतात. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी ही नळी आतून अवघी अडीच मिलिमीटर रुंद असते.

एक किलोच्या बाळाला एका श्वासात लागणारी हवा साधारण ५ मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचाभर असते. हाताने दाबायच्या सर्वांत लहान रबरी पिशवीत त्याच्या कित्येक पट हवा मावते. घाईत ती जोरात दाबली गेली तर फुफ्फुसाला इजा होते. शिवाय कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडला, तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो. म्हणून लांबच्या प्रवासात मोजून दाब देणारे यंत्र हवे. पिशवी मात्र प्रत्येक गाडीत हाताशी असलीच पाहिजे, कारण यंत्र बंद पडले तर तीच बाळाला वाचवते.

सर्फॅक्टंट. बाळात कमी असलेला द्रव औषध म्हणून थेट श्वासनलिकेत सोडता येतो. तो गायीच्या किंवा डुकराच्या फुफ्फुसांपासून तयार केलेला आणि शुद्ध केलेला असतो. सीपॅपवर असूनही बाळाला साधारण ३० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन लागू लागला की डॉक्टर त्याचा विचार करतात. प्रवास लांबचा असेल आणि देणारे अनुभवी असतील तर तो निघण्याआधीच देतात. औषधानंतर फुफ्फुसे लवकर मऊ होतात आणि यंत्राचा दाब कमी करावा लागतो. म्हणून डोस दिल्यावर थोडा वेळ थांबूनच गाडी निघते.

कॅफीन. हो, चहा-कॉफीतलेच. मोजलेल्या मात्रेत दिलेले कॅफीन सायट्रेट बाळाच्या श्वसनकेंद्राला जागे ठेवते आणि ॲप्निया कमी करते. हे फक्त डॉक्टरांनीच द्यायचे औषध आहे.

"सीपॅपवर बरे होते, मग नळी का घातली?"

हा प्रश्न आई-वडील आम्हाला नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. एनआयसीयूत आम्ही नळी शक्यतो टाळतो, कारण दीर्घकाळ व्हेंटिलेटरमुळे फुफ्फुसांना इजा होऊ शकते. पण प्रवासाचा विचार वेगळा असतो. ॲप्निया वाढत असेल, ऑक्सिजनची गरज चढती असेल, बाळ फारच लहान असेल आणि पुढे तीन तासांचा रस्ता असेल, तर निम्म्या वाटेत अंधाऱ्या रस्त्यावर गाडी थांबवून नळी घालण्यापेक्षा ती आधीच उजेडात, उबेत आणि शांतपणे घालणे सुरक्षित असते. दुसरे बाळ सीपॅपवर शांत झोपले असेल आणि अंतर तासाभराचे असेल, तर त्याला सीपॅपवरच नेता येते. नळी घातली म्हणजे बाळ हाताबाहेर गेले, असा अर्थ काढू नका. अनेक बाळांची नळी पोहोचल्यानंतर लवकरच काढता येते.

नळी जागेवर आहे याची खात्री छाती ऐकून आणि रंग बदलणाऱ्या एका लहान उपकरणाने करतात. श्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला की ते जांभळ्याचे पिवळे होते. मग चिकटपट्टीने नळी पक्की करतात. इतक्या लहान बाळात ती एक सेंटिमीटर सरकली तरी एकाच फुफ्फुसात हवा जाऊ शकते किंवा नळी बाहेर येऊ शकते.

वाटेत काय चालते?

पेटीत बाळाला मऊ कापडांच्या वळकट्यांचा आधार देऊन डोके मध्यरेषेत ठेवतात आणि पट्ट्यांनी सुरक्षित करतात. ऑक्सिजनचे प्रमाण, हृदयाचे ठोके, तापमान आणि यंत्राचा दाब यांवर सतत लक्ष असते. प्रकृती अचानक बिघडली तर चार गोष्टी क्रमाने पाहतात: नळी सरकली का, नळीत स्राव अडकला का, छातीत हवा साठली का, यंत्र किंवा ऑक्सिजन बंद पडला का. गरज पडल्यास गाडी बाजूला थांबवतात. मागून येणाऱ्या नातेवाइकांना हे थांबणे भीतिदायक वाटते, पण अशा वेळी थांबणे हेच योग्य असते.

खड्ड्यांतून वेगाने नेल्यास बाळाच्या मेंदूतील नाजूक रक्तवाहिन्यांवर ताण येऊ शकतो. म्हणून चालकाला "जोरात घ्या" असे सांगू नका. स्वतःची गाडी रुग्णवाहिकेमागे पळवू नका.

विशेष रुग्णवाहिका मिळत नसेल तर?

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ पासून सुरू आहे. फोन करताना बाळ किती आठवड्यांचे आहे, वजन किती आणि ऑक्सिजन किंवा सीपॅप चालू आहे का, हे स्पष्ट सांगा आणि गाडीत नवजात बाळासाठी साधने आहेत का ते विचारा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला. त्याखाली आजारी नवजात बाळावर सरकारी रुग्णालयात होणारे उपचार आणि एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात नेण्याची सोय मोफत आहे. जिल्हा रुग्णालयातील नवजात बाळांच्या विशेष कक्षाला एसएनसीयू म्हणतात. तिथे व्हेंटिलेटर असेलच असे नाही, म्हणून निघण्याआधी डॉक्टरांनी फोन करून खात्री करून घेतलेली बरी.

साध्या रुग्णवाहिकेतून न्यावेच लागले, तर किमान एवढे हवे: बाळाला पिशवी-मास्कने श्वास देता येईल अशी प्रशिक्षित व्यक्ती, योग्य मापाचा मास्क, पुरेसा ऑक्सिजन, पल्स ऑक्सिमीटर आणि ऊब. पेटी नसेल आणि डॉक्टरांना योग्य वाटले, तर बाळाला आईच्या, वडिलांच्या किंवा आजीच्या उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून, टोपी घालून, वरून पांघरूण घेऊन नेता येते. यालाच कांगारू पद्धत म्हणतात. तोंड-नाक उघडे राहील आणि मान मुडपणार नाही, याकडे लक्ष ठेवावे. गरम पाण्याच्या बाटल्या बाळाजवळ ठेवू नका, त्यांनी त्वचा भाजते.

नातेवाइकांनी काय करावे?

- निघण्याआधी विचारा: तिथे खाट आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर नक्की आहे का? बाळाबरोबर कोण जाणार? आता कोणता आधार चालू आहे? वाटेत कशाची भीती आहे?
- सोबत घ्या: संदर्भ चिठ्ठी, जन्माची वेळ आणि वजन, आईचा रक्तगट आणि तपासण्या, स्टेरॉइड व इतर औषधांच्या वेळा, ओळखपत्र आणि रेशन कार्ड.
- संमतीपत्रावर सही करू शकणारी एक व्यक्ती बाळासोबत राहील आणि एक आईजवळ, असे ठरवा. सगळ्यांनी गाडीमागे जाऊन आईला एकटे सोडू नका.
- निघण्याआधी बाळ आईला दाखवा, हात लावू द्या, मोबाइलवर फोटो काढून तिच्याजवळ ठेवा. टीम यासाठी दोन मिनिटे नक्की थांबते.
- आईला शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच, हाताने चीक काढायला मदत करा. थेंबभर असला तरी तो या बाळांसाठी मोलाचा आहे. तो कसा पाठवायचा हे नर्सला विचारा.
- बाळाच्या तोंडात मध, गुटी, साखरपाणी काहीही घालू नका. श्वास धापेचा असताना ते फुफ्फुसात जाऊ शकते.

पोहोचल्यानंतर

बाळ आत गेल्यावर पहिला तासभर भेट होणार नाही. तापमान, साखर, एक्स-रे, नळीची जागा सगळे पुन्हा तपासले जाते. पुढील दिवसांत मेंदूची सोनोग्राफी होते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत, आणि २८ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांत दोन-तीन आठवड्यांतच करावी लागते. घरी सोडले तरी ही तारीख चुकवू नका.

सगळे नीट करूनही काही बाळे वाचत नाहीत, विशेषतः अगदी कमी आठवड्यांची. डॉक्टरांनी आधीच तशी कल्पना दिली तर ते प्रयत्न सोडत आहेत असे समजू नका. बाळाची स्थिती काय आहे, प्रवासाने त्याला फायदा होईल की त्रासच वाढेल, हे त्यांना मोकळेपणाने विचारा.

आज आपल्या हाती असलेले उपाय फार जुने नाहीत. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे लवकर जन्मला. त्याचे वजन सुमारे २.१ किलो होते. त्याला श्वासाच्या याच आजारासाठी रुग्णवाहिकेने बोस्टनला नेले, पण ३९ तासांचा असताना तो गेला. तेव्हा सीपॅप नव्हते आणि सर्फॅक्टंटचे औषधही नव्हते. बाळांसाठी सीपॅपचा वापर डॉ. जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मांडला. सर्फॅक्टंटचा यशस्वी उपयोग जपानचे डॉ. तेत्सुरो फुजिवारा यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केला. आज त्या वजनाचे आणि तितक्या आठवड्यांचे बाळ वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक वेळा बरे होऊन घरी जाते.

थोडक्यात

- वेळ असेल तर बाळ पोटात असतानाच आईला मोठ्या रुग्णालयात न्या.
- बाळाला ऊब, श्वासाचा योग्य आधार आणि स्थिर प्रकृती मिळाल्यावरच प्रवास सुरू व्हावा. त्यासाठी लागणारा तास म्हणजे विलंब नव्हे.
- ऑक्सिजन मोजूनच द्यायचा असतो.
- खाट, सोबत जाणारी प्रशिक्षित व्यक्ती आणि ऑक्सिजनचा साठा यांची खात्री करूनच निघा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या बाळाबाबतचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टरच घेतील.